तळघराच्या जिन्याचं दार

आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की काहीच घडत नाही. त्यामुळे दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर मी आधी नकोच म्हणालो. डॉक्टर सांगू शकतो की अमका रोगी हातचा गेला होता, तो मी परत आणला. मी काय सांगणार? की अमक्या इमारतीत मी काम केलं आणि त्यानंतर तिथे काही पेटलं नाही? ते माझ्यामुळे पेटलं नाही की पेटणारच नव्हतं, हे माझं मलाही माहीत नाही. पण संपादकबाई चिकट निघाल्या. म्हणाल्या, न घडलेलंच लिहा. मग एक गोष्ट आठवली, जी घडली होती आणि जी मी आजवर घरीसुद्धा धड सांगितलेली नाही.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो, कारण लोक घोटाळा करतात. लग्नात कुणी ओळख करून देतं, ‘हे दळवी, फायरमध्ये होते,’ की समोरचा विचारतो, किती जणांना बाहेर काढलंत? एकालाही नाही. आग विझवणारे वेगळे, त्यांच्या पायाची धूळही मी नाही. मी आग लागण्याच्या आधी येणारा माणूस. आग विझवायचे सिलिंडर भरायचे, धूर झाल्यावर वाजणारे अलार्म बसवायचे, जुन्या इमारतीत फिरून कुठून पळता येईल आणि कुठे कोंडलं जाईल ते बघायचं, आणि मग कमिटीसमोर बसून तेच तेच सांगायचं. आगीआधी येणाऱ्या माणसाचं तोंड कुणाला आवडत नाही. विम्यावाला परवडला, तो निदान हसतमुख तरी असतो.

मी चिंचपोकळीचा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली त्या सुमाराला मी रे रोडला एका छोट्या कारखान्यात सिलिंडर भरायला लागलो. आजूबाजूला लाकडाच्या वखारी. तिथल्या एका वखारवाल्याकडे दरवर्षी आम्ही आठ सिलिंडर तपासून द्यायचो. शेठ इतका काटेकोर की तारीख टळू देत नसे. दोन वर्षांनी मला कळलं की आठही सिलिंडर ऑफिसच्या कपाटात कुलपात असतात, आणि किल्ली शेठच्या कमरेला. बाहेर ठेवले तर चोरीला जातात म्हणे. मी म्हटलं, शेठ, आग लागली आणि तुम्ही वखारीत नसलात तर? शेठने शांतपणे विचार केला आणि म्हणाला, ‘मी नसताना आग कशाला लागेल?’

गिरगावात एका जुन्या इमारतीत तर सिलिंडरला दसऱ्याला झेंडूची माळ घालून पुजायचे. त्यात वाईट काही नाही, माझीही पक्कड आणि पाने दसऱ्याला पाटावर असतात. पण कुंकू नेमकं गेजच्या काचेवर थापलेलं. त्या काचेत एक काटा असतो. तो हिरव्या भागात असेल तर सिलिंडर ठीक, लाल भागात गेला तर आतला दाब संपला. इथे सगळंच लाल. घरच्या आजोबांना मी म्हटलं, पूजा करा, पण तोंडावर नको. ते मनापासून लाजले आणि पुढच्या वर्षी कुंकू बुडाला लावलेलं होतं.

दादरच्या एका बाई जास्त आठवतात. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाजात अजून शाळा भरलेली. त्यांच्या घरी मी धुराचा अलार्म बसवला आणि चार दिवसांत फोन आला की तुमचं यंत्र नास्तिक आहे. रोज सकाळी धूप फिरवला की बोंब मारायचं. मी गेलो तेव्हा त्यांनी अलार्मला अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली होती, इलास्टिकवाली. मी त्यांना समजावलं, वाद घातला, शेवटी गुमान शिडी लावली आणि अलार्म देवघरापासून लांब, पॅसेजमध्ये नेला. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा बसवला, म्हणजे सुके बोंबील भाजले तरी तो वाजणार नाही. ‘बोंबील?’ बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे?’

दादरला मला एक कळलं होतं. माणसं आपलं रोजचं जगणं यंत्रासाठी बदलत नाहीत. यंत्र हलवावं लागतं. हे मला ठाऊक होतं, एका बाईंच्या धुपासाठी मी ते केलंही होतं. म्हणून पुढे परळला मी जे वागलो, त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

परळची ती चाळ तीन मजली. तिचं जोतं उंच होतं आणि पूर्वी जोत्याखाली मालकाचं कोळशाचं गोदाम होतं. कोळसा गेला, मग त्याच्या खोल्या पाडल्या. अशा चार खोल्या होत्या. चौदा पायऱ्या उतरून खाली जायचं. खिडक्या वर, छताला लागून, लोखंडी गज लावलेल्या. त्यातून रस्त्यावरच्या माणसांची पावलं तेवढी दिसायची. खालच्या चारांपैकी दोन खोल्यांत स्टीलच्या भांड्यांचं गोदाम होतं, एकीत शिलाईचं काम चालायचं, आणि शेवटच्या खोलीत शेवंताबाई राहायच्या.

शेवंताबाईंचं वय तेव्हा पंच्याहत्तरच्या पुढे. मूळच्या सातारकडच्या. नवरा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, तो जाऊन वीस वर्षं झालेली. एक मुलगी, नंदा, सरकारी नोकरीत, अँटॉप हिलला क्वार्टर्समध्ये. बाई एकट्याच राहत आणि एकट्या अजिबात नसत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली लोखंडी कॉट, दारासमोर एक स्टूल. त्या स्टुलावर बसून जिन्याच्या वरच्या तोंडाकडे बघायचं, हा त्यांचा दिवस. वरून जाणारा-येणारा प्रत्येक जण जिन्याच्या तोंडाशी क्षणभर थांबून खाली हाक मारायचा. ‘आजी, जेवलात?’ ‘मावशी, मासळी आणू काय?’ खालून उत्तर जायचं. गुडघे दुखत म्हणून त्या दिवसातून एकदाच वर चढत, पण चाळीतल्या कुठल्या घरात काय शिजलं हे त्यांना सेक्रेटरीच्या आधी कळत असे.

सेक्रेटरी म्हणजे राणे. मालवणकडचे, बँकेतून निवृत्त, काम चोख. त्या वर्षी मुख्य जिन्याखालच्या मीटरबोर्डाने पेट घेतला होता. मिनिटभराचं प्रकरण, कुणीतरी वाळूची बादली मारली, निभावलं. पण राणे हादरले. त्यांनी मला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘दळवीनू, वरच्यांका गॅलरी तरी आसा. खालची म्हातारी जातली खंय?’

प्रश्न बरोबर होता. तळघराचं दुखणं सांगतो. इमारतीत आग लागली की माणूस खाली पळतो. तळघरातल्या माणसाला वर पळावं लागतं, म्हणजे नेमकं धुराकडे. त्यात या चाळीत तळघराचा जिना वर जिथे निघायचा, तिथेच बाजूला मीटरबोर्ड. तो पेटला की बाहेर पडायची एकमेव वाट बंद. आणि आग खाली लागली तर तोच जिना धुराचं धुरांडं होऊन सगळा धूर वरच्यांच्या नाकात. माणसं बहुतेक वेळा भाजून नाही, धुराने जातात, हे मी हजार वेळा सांगितलं असेन.

तर आम्ही काय काय केलं. मीटरबोर्ड उचलून बाहेरच्या भिंतीवर नेला. वायरिंग बदललं. वर-खाली अलार्म बसवले आणि एकमेकांना जोडले, म्हणजे एक वाजला की सगळे वाजणार. खाली जिन्यापाशी काचेचं लाल बटण, दाबलं की चाळभर घंटा. शेवंताबाईंच्या खोलीतली खिडकी मोठी करून तिचे गज बिजागरीवर घेतले. आतून कडी काढली की जाळी बाहेर उघडते, खाली भिंतीला पाच पायऱ्यांची लोखंडी शिडी. आणि जिन्याच्या वरच्या तोंडाशी दार. साधं नाही. जाड, आग दोन तास थोपवणारं. त्याच्या कडेला एक पट्टी असते, ती उष्णतेने फुगून फट बुजवते. वर एक क्लोजर, म्हणजे तुम्ही दार सोडलं की ते आपोआप बंद होतं. त्या दाराचा मला अभिमान होता, आणि तो लपवायचं कारण नाही. इतकी नेटकी दारं मी आयुष्यात दोन-तीनच बसवली असतील.

शिडीबद्दल मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पंच्याहत्तरीची, गुडघ्यांची बाई सरळसोट लोखंडी शिडी चढून खिडकीतून बाहेर पडेल का? मी स्वतःला सांगितलं, चौदा पायऱ्या चढते तर पाच चढेल. नकाशावर बाहेर पडायच्या दोन वाटा दिसत होत्या आणि मला तेवढं पुरत होतं.

दार बसलं त्याच दिवशी शेवंताबाईंनी त्याच्याखाली वरवंटा लावला.

मी आठ दिवसांनी काम बघायला गेलो तर माझं दार सताड उघडं, आणि पाट्यावरचा तो काळा वरवंटा पाचरीसारखा खाली. मी वरवंटा काढला, खाली गेलो.

‘मावशी, हे दार बंदच असायला हवं.’

‘का बरं?’

‘धूर आला तर अडेल. उघडं राहिलं तर त्याचा काही उपयोग नाही.’

‘धूर कवा यायचा?’ त्यांनी विचारलं. ‘मानसं तर रोज येत्यात.’

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः कॉटवर बसल्या.

‘ह्ये बगा दळवी. दार लागलं की वरची हाक मला येत न्हाई. मी हितनं वरडले तर वर जात न्हाई. परवा बघितलं म्या वरडून. त्या गायकवाडाच्या सुनीला उबं केलं वर आन् हितनं हाक मारली. कायबी ऐकू गेलं न्हाई तिला. उद्या मी पडले-झडले तर कुनाला कळायचं?’

त्यांनी चाचणी घेतली होती. मी अलार्मची घेतो तशी, माणूस वर उभा करून. मी त्या चाचणीला चाचणी मानलंच नाही. मी म्हटलं, मावशी, त्यासाठी तिथे लाल बटण आहे. त्या म्हणाल्या, ते जिन्यापाशी हाय, आन् मी हितं पडले तर? मी म्हटलं, असं काही होत नाही. आणि मुद्दा त्यांनी तिथेच दुसऱ्या बाजूने मांडला, जो मुंबईतल्या चाळीत वाढलेल्या कुणालाही सांगावा लागू नये.

‘दिवसाढवळ्या दार लावून कोन बसतं? येक तर घरात मयत, न्हाई तर भांडान, न्हाई तर मानूस गावाला. लोकांनी काय समजायचं?’

हे मलाही ठाऊक होतं. आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत आई दुपारी झोपायची तीसुद्धा दार उघडं टाकून. बंद दाराला कुणी हात लावत नसे. बंद दार ठोठावणं म्हणजे आगाऊपणा.

पुढल्या खेपेला पुन्हा वरवंटा. मी काढला. तिसऱ्या खेपेला मला काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करायची होती, आणि दार पुन्हा उघडं. आता माझं डोकं फिरलं. स्वभाव माझा तसा तापट, बायको म्हणते आगीचा धंदा केलास म्हणून आग अंगात शिरली. मी वरवंटा उचलला, सरळ राण्यांच्या घरी नेऊन ठेवला आणि म्हटलं, हा परत द्यायचा नाही. दारावर मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाटी लावली: हे दार उघडे ठेवू नये. राण्यांनी तर सगळ्या चाळीला बजावलं. शेवंताबाईंनी नंतर शिलाईवाल्याकडून दोरी घेऊन दार कठड्याला बांधलं, तीही राण्यांनी सोडली. मी सांगितलं म्हणून. चाळीने ऐकलं. मला बरं वाटलं, कारण चाळी सहसा ऐकत नाहीत.

आता खरी गोष्ट सांगतो. यावर उपाय होता. साधा, तयार मिळणारा. भिंतीला एक चुंबक लावतात, तो दार दिवसभर उघडं धरून ठेवतो. त्याची तार अलार्मला जोडलेली असते. अलार्म वाजला की चुंबकाची वीज तुटते आणि दार आपोआप मिटतं. मी ते दोन मोठ्या इमारतींत स्वतः बसवलं होतं. परळच्या त्या चाळीत का नाही बसवलं? मंजूर यादीत नव्हतं, पुन्हा मीटिंग घ्यावी लागली असती, ही झाली सांगायची कारणं. खरं कारण असं की मला राग आला होता. मी बरोबर होतो आणि एक म्हातारी मला वरवंटा लावून खोटं पाडत होती. तिच्यासाठी दार उघडं ठेवायची सोय करणं म्हणजे तिने जिंकणं, असं मला वाटलं. इतकं लहान कारण.

गणपती आले. परळ-लालबागची कोकणातली माणसं गणपतीला गावी जातात, चाळी अर्ध्या रिकाम्या होतात. राणे गेले. तळमजल्यावरचं एक घर आणि पहिल्या मजल्यावरचे गायकवाड सोडून सगळे गेले. भांडीवाल्याने गोदामाला कुलूप लावलं, शिलाईवालाही कामाला सुट्टी देऊन गेला. मीसुद्धा गावीच होतो. शेवंताबाईंच्या घरी गणपती नसतो, त्या कुठे जात नसत, पण मधे एखाद-दोन दिवस लेकीकडे अँटॉप हिलला जाऊन येत.

गौरी आल्या त्या दिवशी सकाळी मोरीत पाय घसरून त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांनी हाका मारल्या. वर तळमजल्यावरचे लोक जात-येत होते, पहिल्या मजल्यावर गायकवाडांचं कुटुंब होतं. सगळ्यांनी जिन्याच्या तोंडाशी बंद दार पाहिलं आणि सगळ्यांना एकच वाटलं, म्हातारी लेकीकडे गेली. चाळीत वाढलेल्या माणसाला दुसरं काही वाटूच शकत नाही. पाटीने तर हात लावायचीही सोय ठेवली नव्हती. तिकडे नंदाने फोन केला, उचलला गेला नाही, तिला वाटलं आई वर कुणाकडे गौरी बघायला गेली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनीता गायकवाड, गायकवाडांची सून, इस्पितळात नर्स आहे, ती ड्यूटीवरून परत येत होती. दाराच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या लटकलेल्या तिने पाहिल्या. एक आदल्या दिवशीची, फुगलेली. शेवंताबाई लेकीकडे जाताना दूधवाल्याला सांगून जायच्या, हे तिला माहीत होतं. तिने माझी पाटी वाचली असेल-नसेल, दार ढकललं.

राण्यांचा फोन मला गावी आला. नेहमीचा रागीट आवाज नव्हता. ‘दळवीनू,’ ते म्हणाले, ‘म्हातारी काल सकाळपासून खाली पडान होती. आमका कोणाक कळाक नाय.’ दाराचं नाव त्यांनी काढलं नाही. मी उलट विचारलं, दार बंद होतं ना? ते म्हणाले, होय.

मुंबईत परतल्यावर मी इस्पितळात गेलो. जायचं नव्हतं, पण गेलो. शेवंताबाई कॉटवर, पायाला वजन बांधलेलं. मला वाटलं होतं बोल लावतील. त्यांनी विचारलं गौरी कशा झाल्या. मग आपणहून सांगायला लागल्या, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं.

‘पैल्या दिशी लई वरडले. मग घसा गेला. मग मी त्या वरच्या दिव्याकडं बघत पडले.’

कुठला दिवा, मी विचारलं.

‘तुमचा. हिरवा. मिणमिणतो तो. म्हटलं, जरा धूर झाला तर ह्यो वाजंल, समदी चाळ येईल. काड्याची पेटी कट्ट्यावर व्हती. हात पोचंना.’

ते ऐकून मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो आणि रडलो. अलार्मचा हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. तिच्या डोक्यावर तो दीड दिवस सगळं ठीक म्हणत मिणमिणत होता, आणि ती आगीची वाट बघत होती.

त्यानंतर जे आधी करायचं ते मी केलं. चुंबक बसवला. पाटी उतरवली. मोरीत जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत येणारी दोरी लावली, ओढली की वर घंटा. कॉटपाशी दुसरी. राण्यांनी मीटिंगबिटिंग काही घेतली नाही, नुसते माझ्या शेजारी उभे राहून शिडी धरत होते. काम झाल्यावर आम्ही चाचणी घेतली. मी मोरीत जमिनीवर आडवा झालो आणि दोरी ओढली. वर घंटा वाजली, तळमजल्यावरून दोन बाया धावत आल्या. मग दोरी न ओढता नुसती हाक मारून बघितली. दार उघडं होतं. राणे वरून म्हणाले, ‘आयकाक येता.’

शेवंताबाईंना इस्पितळातून नंदा अँटॉप हिलला घेऊन गेली होती. दिवाळी होऊन गेल्यावर नंदाचा मला फोन आला. आई परत परळला जायचं म्हणते, जेवत नाही, तुम्ही एकदा येऊन जा.

क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, हवेशीर. दार लावलेलं. मी घंटा वाजवली तेव्हा नंदाने आधी दाराच्या भिंगातून पाहून मग उघडलं. शेवंताबाई खिडकीशी खुर्चीत होत्या, शेजारी वॉकर. खिडकीतून टेकडी आणि समोरच्या इमारती दिसत होत्या. बारीक झाल्या होत्या, पण मला बघून चेहरा उजळला. राण्यांनी फोन करून त्यांना सगळं सांगितलं होतं.

‘दार आता उघडं ऱ्हातंय म्हनं?’ त्या म्हणाल्या.

‘हो मावशी. दिवसभर. फक्त अलार्म वाजला तरच बंद होतं.’

‘आन् दोरी लावलीया?’

‘दोन लावल्या.’

त्यांनी लेकीकडे पाहिलं, बघ म्हटल्यासारखं. नंदा कॉटच्या कडेला बसली. पन्नाशीची, दमलेली बाई. दिवसभर ऑफिस, घरी आल्यावर आईचं सगळं. तिच्या बोलण्यात कुठे तक्रार नव्हती.

‘दळवीकाका, मी आईला शब्द दिलाय,’ ती म्हणाली. ‘यातलं मला काही कळत नाही. तुम्ही ती खोली बघितलीय, तुम्हीच काम केलंय. तुम्ही सांगा, आईला तिथे ठेवणं सुरक्षित आहे का? तुम्ही हो म्हणालात तर मी रविवारी नेऊन सोडते. रोज येऊन-जाऊन करीन.’

मी शेवंताबाईंकडे बघितलं नाही. वॉकरकडे बघितलं. चौदा पायऱ्या त्या आता चढू शकणार नव्हत्या. खिडकीखालच्या पाच तर चढू शकल्याच नसत्या, कधीच नाही, मी शिडी ठोकली त्या दिवशीही नाही. धूर झाला तर चुंबक सुटणार, दार बंद होणार, घंटा वाजणार, चाळ धावत येणार, आणि कुणीतरी धुरातून खाली उतरून त्यांना उचलून आणेपर्यंत त्या तिथेच असणार. हे सगळं मला दिसत होतं, कारण हेच बघण्यात माझा जन्म गेला. आणि हेही दिसत होतं की या खिडकीतून त्यांना कुणी हाक मारणार नाही.

हो म्हणायचं फार मनात होतं. त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. त्या परत गेल्या असत्या तर माझ्या डोक्यावरचं ओझं थोडं उतरलं असतं.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘सुरक्षित नाही.’

नंदाने मान खाली घातली. शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

‘दोनदा लावलंत बाबा माझं दार,’ त्या म्हणाल्या. मग लेकीला म्हणाल्या, ‘त्यास्नी चा टाक.’

चहा मी प्यायलो. पुढल्या पावसाळ्यात त्या अँटॉप हिललाच वारल्या. मी अजूनही म्हणेन की माझं उत्तर बरोबर होतं.

त्या खोलीतही आता भांड्यांचं गोदाम आहे. मी निवृत्त झालो, तरी दर वर्षी गणपतीच्या आधी जाऊन तो चुंबक तपासतो. उत्तम चालतो. दार दिवसभर उघडं असतं आणि खाली कुणी राहत नाही.